उतारवयांतील वाद्यशिक्षण

“साठी बुद्धि नाठी” ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें साठीच्या मनुष्यास नवी विद्या शिकतांना पाहिलें नसावें; किंवा पाहिलें असल्यास त्याला हंसणाऱ्यांत तो स्वतःही उभा असावा. उतारवयांत वाद्य हातीं धरणाऱ्याची थट्टा करणें ही कांहीं केवळ महाराष्ट्राची रीत नव्हे. ग्रीस देशाचा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस वार्धक्याच्या उंबरठ्यावर कॉनस नांवाच्या वादकाकडे तंतुवाद्य शिकावयास जात असे. त्याच्याबरोबर शिकणारीं मुलें त्याला हंसत, आणि कॉनसला ‘म्हाताऱ्यांचा मास्तर’ म्हणून चिडवीत, असें प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादांत सॉक्रेटिसच्याच तोंडीं आलें आहे. हंसूं होण्याची ही धास्ती चोवीसशें वर्षांत फारशी कमी झालेली नाहीं. पुष्कळांची बोटें थांबतात तीं संधिवातानें नव्हे, शेजाऱ्याच्या कानाला भिऊन थांबतात.

मालवण शहराच्या दक्षिणेस सहा-सात किलोमीटरांवर तारकर्ली आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी, आणि पुढें देवबागेपाशीं दोघांची भेट. रापणीचा दोर ओढणें, माडांची निगा, थोडी भातशेती, आणि अलीकडे पर्यटकांची सरबराई, यांवर येथील संसार चालत आले आहेत. या किनाऱ्यावरील कोणत्याही गांवांत संगीताचें शिक्षण म्हणजे काय, असें पूर्वीं विचारलें असतें तर उत्तर एकच मिळालें असतें: भजनाला बसणें. लहानपणीं मुलगा देवळांत झांज हातीं घेई, आणि पुष्कळांच्या बाबतींत साठाव्या वर्षींही ती झांजच हातांत असे. अशा माणसाला ठेका पक्का ठाऊक असे, शेंकडों अभंगांच्या चाली मुखोद्गत असत, बुवांचा सूर किंचित् घसरला तरी तो त्याच्या ध्यानीं येई. परंतु स्वर काढणारें एखादें वाद्य आपल्याही बोटांखालीं येऊं शकेल, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसे. या माणसासाठीं वाद्यसंगीताचें दार केव्हां व कसें किलकिलें झालें, हा एक लहानसा पण विचार करण्याजोगा इतिहास आहे.

जुन्या पद्धतींत हें दार बंदच होतें, आणि त्याला कारणही होतें. गायनविद्या गुरूच्या घरीं राहून, त्याची सेवा करून, वर्षानुवर्षें ऐकून मिळवावयाची असे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे घर सोडून उत्तरेस गेले, वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ राहिले, आणि तेव्हां कोठें ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आली. बायकामुलांचा संसार पाठीशीं असलेल्या चाळीस वर्षांच्या कोळ्याला किंवा शेतकऱ्याला हें कसें जमावें? दुसरी अडचण वाद्यांच्या घडणींतच होती. सारंगीवर स्वराची जागा कोठेंही आंखलेली नसते. ती कानानें शोधून नखाच्या कडेनें धरावयाची असते. साधा तंबोरा जुळविणें हीच एक विद्या आहे. कान लहानपणींच तयार झाला नाहीं, तर पुढील दहा वर्षें केवळ बेसूर होण्यांतच खर्ची पडतात.

किनाऱ्यानें दक्षिणेस गेलें कीं गोवा लागतो. तेथील ख्रिस्ती समाजांत पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या आश्रयानें चालणाऱ्या शाळा होत्या, आणि तेथें मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. हें शिक्षण इतकें पक्कें असे कीं, पुढें मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद मुख्यतः याच मंडळींनीं उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीं प्रसिद्ध नांव. पण येथेंही आरंभ बालपणींच. हिंदु गुरुगृह आणि ख्रिस्ती शाळा या दोन्ही परंपरा इतर सर्व बाबतींत एकमेकींपासून दूर. मात्र या एका गोष्टींत दोघींचें एकमत होतें. मालवणचा किनारा दोहोंच्या मध्यें पडला होता, आणि पन्नाशीचा झांजवाला दोहोंच्या बाहेर.

त्याच्यासाठीं पहिली फट पडली ती पेटीमुळें. पॅरिस येथील अलेक्झांडर देबॅं यांनीं १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें वाद्य पायानें भाता चालवून, खुर्चीवर बसून वाजवावयाचें. मिशनऱ्यांबरोबर व साहेबलोकांबरोबर तें हिंदुस्थानांत आलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तिला हातभात्याचें रूप दिलें. भाता मागें गेला, पाय मोकळे झाले, आणि मांडी घालून बसणाऱ्या देशांत पेटी जमिनीवर बसली. डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. हा बदल दिसावयास लहान, परंतु त्यानें वाद्य दिवाणखान्यांतून देवळाच्या सभामंडपांत नेलें.

पेटीचा खरा गुण असा कीं ती आधींच सुरांत असते. पट्टी दाबली कीं स्वर निघतो, आणि तो दाबणाऱ्याचें वय विचारीत नाहीं. चुकीची पट्टी दाबली तर चुकीचा स्वर निघेल खरा, पण तोही स्वरच असेल. सारंगीवरच्या नवशिक्याप्रमाणें दोन स्वरांमधील ओरखडा नसेल. चाळीस वर्षें अभंग ऐकलेल्या कानाला मग एवढेंच करावयाचें उरतें: मनांतली चाल कोणत्या पट्टीवर आहे तें हुडकणें. बालकाला आधीं चाल शिकावी लागते, मग बोटें. प्रौढाची अर्धी विद्या ऐकूनच झालेली असते. दशावतारांत आणि भजनांत पेटी इतकी मुरली कीं आज ती परकी होती हें सांगूनही कोणाला पटणार नाहीं. कोंकणांत डबलबारी म्हणून जो भजनाचा सामना रंगतो, त्यांत दोन्हीं बाजूंच्या बुवांपुढें पेटीच असते.

दुसरी फट शाळांनीं पाडली. पुण्यांत १८७४ सालीं गायन समाज निघाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं मौलाबक्ष यांनीं १८८६ मध्यें गायनशाळा काढली. परंतु गृहस्थाश्रमी माणसाला खरा आधार दिला तो कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनीं. ते बाळकृष्णबुवांचे शिष्य. लहानपणीं फटाक्याच्या अपघातानें दृष्टि अधू झालेली. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि १९०८ सालीं मुंबईस त्याची शाखा आणली. ठरलेली वेळ, ठरलेली फी, ठरलेला अभ्यासक्रम! गुरूच्या घरीं पाणी भरण्याऐवजीं वर्गांत येऊन बसावें, तास संपला कीं आपल्या उद्योगास जावें. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते कीं तिच्यांतलें धाडस दिसत नाहीं. पण संगीतविद्येला घड्याळ लावणें म्हणजे कारकून, दुकानदार आणि मास्तर यांना तिच्या दारांत उभें करणें होतें.

विष्णु नारायण भातखंडे हे तर स्वतःच वकील. मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळींत ते १८८४ पासून जात. पत्नी व कन्या यांच्या मृत्यूनंतर त्यांचें लक्ष वकिलींतून उडालें, आणि पन्नाशीच्या सुमारास त्यांनीं ती सोडून संगीतास वाहून घेतलें. त्यांच्या मराठी ‘क्रमिक पुस्तकमालिके’चा आरंभ १९२० च्या सुमारास झाला, म्हणजे ग्रंथकार साठीला पोहोंचला तेव्हां. घराण्यांच्या पेट्यांत कुलुपबंद असलेल्या चिजा त्यांत स्वरलिपींत छापल्या गेल्या. पुस्तक हा असा गुरु कीं तो एकच धडा पन्नास वेळां सांगतो आणि कंटाळत नाहीं. प्रौढ विद्यार्थ्याला अशाच गुरूची गरज असते. पुस्तकांतून गाणें येत नाहीं हा उस्तादांचा आक्षेप बरोबर होता. परंतु ज्याला दुसरा कोणी शिकवणारच नव्हता त्याला तो आक्षेप ऐकवून काय उपयोग?

याच काळांतले सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचें उदाहरण येथें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीचा काळ पोथीपुराणांत घालवावा अशी जनरीत असतां त्यांनीं स्वरांच्या कंपनांचा पिच्छा पुरविला. तारेची लांबी मोजून, अब्दुल करीम खां यांच्यासारख्या गवयाच्या गळ्यावर ताडून, बावीस श्रुतींचा हिशेब त्यांनीं मांडला आणि १९१० सालीं तो इंग्रजी पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना त्यांच्या कामाचें महत्त्व पटलें, आणि त्यांतून श्रुतींची खास पेटी करविण्याचा खटाटोप झाला. ती पेटी रूढ झाली नाहीं. भातखंड्यांनाही हा हिशेब मान्य नव्हता. पण साठीची बुद्धि नाठी असती तर वाद घालण्याइतकाही हिशेब उरला नसता.

पेटी अशी घरोघर पोहोंचत असतांनाच तिच्यावर मोठा घाव पडला, आणि तो नभोवाणीनेंच घातला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवर पेटीस मज्जाव झाला. लायोनेल फील्डन हे तेव्हां रेडिओचे मुख्याधिकारी होते. पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनीं तिच्याविरुद्ध आधींच लिहिलें होतें, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नावडती होती. आक्षेप असे: पेटींत मींड निघत नाहीं, तिचे बारा स्वर पाश्चात्त्य मापानें समान कापलेले असल्यामुळें आपल्या रागांचे सूक्ष्म स्वर तिच्यांत बसत नाहींत, आणि तिच्या सोयीमुळें सारंगी मागें पडते. यांतला एकही आक्षेप खोटा नाहीं. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकानें आपल्या बोटांच्या जादूनें त्यांना उत्तरें दिलीं असलीं, तरी पट्टीवर मींड येत नाहीं ती नाहींच. परंतु आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें मैफल होती, सभामंडप नव्हता. ज्या वाद्यामुळें हजारों सामान्य माणसें प्रथमच स्वराला हात लावूं शकलीं, तें वाद्य सरकारी ध्वनिक्षेपकापुढें आणण्याच्या लायकीचें नाहीं, असें त्यांना एकतीस वर्षें ऐकावें लागलें. १९७१ सालीं ही बंदी शिथिल झाली, तीही प्रथम निवडक कलावंतांच्या साथीपुरतीच. गांवच्या भजनानें तोंवर वाट पाहिली नाहीं. नभोवाणीवर काय चालतें याची चौकशी न करतां तेथें पेटी वाजतच राहिली.

मुंबईच्या गिरणगांवांतही हेंच घडत होतें. कोंकणांतून गेलेला चाकरमानी पाळी संपल्यावर चाळींतल्या भजनाला बसे. रागदारीचें नांव न घेतां पेटी-पखवाजाचे धडे तेथें एकमेकांना मिळत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, आणि त्याच्या वाताहतींत पुष्कळ प्रौढ कामगार कायमचे गांवीं परतले. हाताला काम नव्हतें, पण चाळींतल्या रात्रींनीं हाताला दिलेली कला त्यांच्याबरोबर आली.

दरम्यान कोंकणाला आणखी एक सोपें वाद्य मिळालें होतें, आणि त्याची जन्मकथा मजेदार आहे. जपानांत नागोया शहरीं १९१२ सालीं गोरो मोरिता यांनीं तारांवर टंकयंत्रासारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ नांवाचें वाद्य केलें. तें हिंदुस्थानांत ‘बुलबुलतरंग’ झालें, आणि मुंबईंत व कोंकणांत त्याला ‘बेंजो’ म्हणूं लागले. अमेरिकेंतल्या खऱ्या बँजोशीं त्याचा नांवापलीकडे संबंध नाहीं. गणपतीच्या मिरवणुकींत व लग्नाच्या वरातींत विजेच्या जोरावर गर्जणारी बेंजो पार्टी कोणीं ऐकली नाहीं? कळ दाबावी, तार छेडावी. पेटीचीच युक्ति तारेवर चढविलेली.

याच युक्तीचा तिसरा अवतार म्हणजे बास गिटार. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम डबल बास करीत असे. माणसाहून उंच, उभ्यानें वाजवावयाचें, पडदे नसलेलें असें तें धूड. वाहून नेतांना हमाल पाहिजे आणि वाजवितांना बालपणापासून तयार झालेला कान पाहिजे. अमेरिकेंत पॉल टटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारी व आडवी धरावयाची बास करून पाहिली, पण ती फारशी खपली नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं केलेली बास जगभर गेली. तिला त्यांनीं ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूक असें नांव दिलें, कारण दांडीवर पडदे बसवल्यामुळें स्वर अचूक लागे. गंमत अशी कीं, या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. ज्याला वाजवितां येत नाहीं त्यालाच वाजविण्यांतली अडचण नेमकी दिसते, असें यावरून वाटूं लागतें. मुंबईंत राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ यांची बास गिटार होती. त्या गाण्यांबरोबर तिचा नाद या किनाऱ्यावर रेडिओनेंच पोहोंचविला. ऐकणारांना तो पायांना जाणवे, पण तो कोणत्या वाद्याचा हें पुष्कळांस ठाऊक नसे.

पन्नाशी ओलांडलेल्यानें ही गिटार हातीं घेतली तर काय होतें? प्रथम हात नाराज होतो. तारेचा वाजणारा भाग चौंतीस इंच लांब असतो, आणि सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटरांहून अधिक जाड. पहिला पडदा टोंकापासून जवळजवळ दोन इंचांवर येतो. साध्या गिटारींत तो दीड इंचाच्या आंत असतो. रापणीच्या दोरानें तळहाताला घट्टे पडलेले असले तरी बोटांचीं टोंकें कोंवळींच असतात, आणि दोर ओढण्यासाठीं मिटलेल्या मुठीला बोटें फांकविण्याची संवय नसते. म्हणून जाणता शिक्षक अशा विद्यार्थ्यास आरंभीं दांडीच्या टोंकाशीं झगडूं देत नाहीं. पांचव्या पडद्यापासून पुढें घरें इतकीं जवळ येतात कीं तेथें बास ही साध्या गिटारीच्या पहिल्या घराएवढीच होते. तीस इंची तारेच्या लहान बासही मिळतात. रोज पंधरा मिनिटें पुरतात. तासभर बसून मनगट सुजविण्यांत पुरुषार्थ नाहीं.

मग मात्र वय उलट बाजूनें उपयोगी पडूं लागतें. बासला एका वेळीं एकच स्वर वाजवावयाचा असतो. तीन-चार तारा एकदम दाबण्याची कसरत नाहीं, द्रुत तानांची घाई नाहीं. स्वर थोडे, पण ते नेमक्या ठिकाणीं पडले पाहिजेत आणि नेमक्या क्षणीं थांबले पाहिजेत. तरुणाला येथें थांबणें जड जातें. ज्यानें चाळीस वर्षें आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर झांज वाजविली आहे, समेची वाट पाहण्यांत ज्याचें अर्धें आयुष्य गेलें आहे, त्याला ही विद्या कोणी नव्यानें शिकवावी लागत नाहीं. झांजेचा ठोका होता, त्याला आतां स्वर मिळाला, इतकाच फरक.

आणि तो स्वर तरी कोठें परका आहे! बासच्या चार तारांपैकीं दुसऱ्या जाड तारेच्या पांचव्या पडद्यावर बोट ठेवलें तर सेकंदास सुमारें त्र्याहत्तर कंपनांचा स्वर निघतो. पांढरी दोन पट्टींत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार नेमकी याच स्वरांत लावलेली असते. तेथून शेजारच्या बारीक तारेवर दोन पडदे पुढें पंचम आहे, आणि त्याच रेषेंत सर्वांत बारीक तारेवर वरचा षड्ज. जगभर बासच्या नवशिक्यास पहिल्या आठवड्यांत शिकवितात ती हीच तीन स्वरांची आकृति. खर्ज, पंचम, षड्ज: देवळांत भजनापूर्वीं तंबोरा जुळवितांना ज्या तारा एकामागून एक छेडल्या जात, त्याच.